पैजेवर पोट भरेल का?

सुट्टी संपून शाळा-कॉलेजे सुरू झाली की आमच्या विज्ञान मंडळात मुले काय काय घेऊन येतात. कोणी सापाने टाकलेली कात आणतो, कोणी बंद पडलेला रेडिओ. एकदा बारावीतला एक मुलगा दोनशे पानी वही घेऊन आला. वहीत आयपीएलच्या एका हंगामातले, निकाल लागलेले ७० सामने होते. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात संघ, तिसऱ्यात सामन्याआधी त्याने स्वतः वर्तवलेला विजेता, चौथ्यात खरा निकाल. शेवटच्या रकान्यात परदेशी बुकींचे भावही उतरवले होते. ते कशासाठी, हे मात्र त्याला नीट सांगता येईना. खरे पैसे त्याने लावले नव्हते. प्रत्येक सामन्यावर १०० रुपये लावले असे वहीतच धरले होते.

७० पैकी ४१ अंदाज बरोबर आले होते. "सर, शिस्त पाळली तर यावर जन्मभर पोट भरता येईल का?" त्याने विचारले. "म्हणजे लोभ करायचा नाही, हरलो म्हणून चिडून मोठी रक्कम लावायची नाही, रोज ठरलेलीच रक्कम. असं करणारे लोक आहेत म्हणे. मग इंजिनिअरिंगची चार वर्षं कशाला घालवायची?"

जुगार वाईट, असे म्हणून वही मिटवता आली असती. पण मुलाने नोंदी ठेवल्या होत्या, आणि नोंदी ठेवणाऱ्याला उपदेश ऐकवणे आम्हाला बरे वाटेना. शिवाय प्रश्न सरळसरळ गणिताचा होता. म्हणून फळा पुसला आणि वहीचा शेवटचा रकाना आधी घेतला.

भाव म्हणजे काय? बुकीचा भाव १.७० असेल तर १०० रुपये लावून जिंकल्यावर आपल्या हातात १७० रुपये येतात. त्यात आपलेच १०० धरलेले असतात, म्हणजे नफा ७० रुपयांचा. हरलो तर १०० गेले. या मुलाने बहुतेक वेळा तगडा संघच निवडला होता, आणि तगड्या संघाचा भाव नेहमीच कमी असतो. त्याच्या वहीतले भाव सरासरीने १.७० च्या आसपास होते. सोयीसाठी सगळीकडे १.७० च धरू. ४१ वेळा १७० रुपये म्हणजे ६,९७० रुपये. लावले किती? ७,००० रुपये. तोटा ३० रुपये!

जवळजवळ ५९ टक्के उत्तरे बरोबर येऊनही मुलगा नापास झाला होता. १ ला १.७० ने भागले तर ०.५८८ येते. म्हणजे या भावाला शंभरात ५८.८ वेळा बरोबर आलो तर ना नफा ना तोटा. परीक्षेत पास होण्याची रेषा ३५ वर ठरलेली असते. इथे ती प्रत्येक भावागणिक बदलते. भाव ३ असेल तर शंभरात ३४ वेळा बरोबर येणाराही फायद्यात असतो. तेव्हा 'कोण जिंकेल' हा प्रश्न पैजेच्या गणितात दुय्यम आहे. मुख्य प्रश्न असा, की एखाद्या संघाची जिंकण्याची संभाव्यता भावात जेवढी धरली आहे, तिच्याहून ती खरोखर जास्त आहे का.

बुकी स्वतःचे पोट कसे भरतो, तेही यावरून कळते. दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत असे समजा. चोख भाव दोन्ही बाजूंना २.०० हवा. बुकी देतो १.९०. दोन्ही बाजूंवर सारखेच पैसे आले, तर २०० रुपये गोळा करून तो १९० वाटतो आणि १० ठेवून घेतो. म्हणजे लावणाऱ्याने शंभर रुपये लावले की सरासरीने त्याचे पाच रुपये गेलेच. आपल्याकडच्या मटक्याचा हिशेब याहून उघडा आहे. आकडे दहा, आणि एका आकड्यावर रुपयाला नऊ रुपये हा तिथला जुना दर. दहा रुपयांतला एक रुपया दर फेरीला चालवणाऱ्याच्या खिशात.

आता शिस्त. पैज सरासरीने तोट्याची असेल तर शिस्तीने काय होईल? ठरलेली रक्कम लावा, कमी लावा, जास्त लावा, सोमवारी लावू नका. प्रत्येक पैजेची सरासरी उणे असली तर त्यांची बेरीज उणेच येणार. उणे संख्यांचा क्रम किंवा आकार बदलून बेरीज अधिक होत नाही, हे सहावीतल्या मुलालाही ठाऊक असते. शिस्तीने एवढेच होते, की पैसे सावकाश जातात.

'हरलो की दुप्पट लावायचे' ही युक्ती शिस्तीच्या नावाखाली फार खपते. नाणेफेकीसारखी चोख पैज घ्या: १०० लावले, हरलो, मग २००, मग ४००. केव्हातरी जिंकूच, आणि जिंकलो की मागचे सगळे भरून निघून १०० रुपये नफा. यात खोट काय? सलग दहा वेळा हरलो तर १,०२,३०० रुपये गेलेले असतात आणि पुढची पैज १,०२,४०० रुपयांची असते. सलग दहा हारींची संभाव्यता १०२४ त एक. १०२३ वेळा शंभर-शंभर रुपये मिळवायचे आणि एकदा एक लाख दोन हजार तीनशे घालवायचे. गुणाकार करून पाहा, बेरीज बरोबर शून्य येते. ही तर बुकीची दलाली न धरता!

इथवर मुलाचा चेहरा उतरला होता. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण खरोखरच काही माणसांनी पैजेवर आयुष्य काढले आहे. त्यांच्यापाशी काय होते, ते समजून घ्यायला टेलिफोनच्या तारेपर्यंत जावे लागते.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहिती मोजायचे गणित मांडले. तारेवर खरखर असताना तिच्यातून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येईल, हा त्यातला मुख्य प्रश्न. १९५६ साली त्याच प्रयोगशाळेतल्या जॉन केली या भौतिकीतज्ज्ञांनी एक गमतीदार कल्पना केली. एका जुगाऱ्याकडे खासगी तार आहे. खेळाचा निकाल इतरांना कळण्याआधी त्याला तारेवरून कळतो. पण तारेवर खरखर आहे, त्यामुळे कधीकधी चुकीचा ऐकू येतो. या माणसाने दरवेळी आपल्या भांडवलाचा किती हिस्सा लावावा?

सगळेच लावले तर पहिल्याच चुकीच्या बातमीला तो धुळीला मिळेल. फारच थोडे लावले तर बातमी हाती असून फुकट जाईल. मधे कुठेतरी असा एक हिस्सा आहे, की ज्याने भांडवल दीर्घकाळात सर्वांत जलद वाढते. केलींनी तो काढला. आणि त्याहून सुंदर गोष्ट त्यांनी दाखवली: चोख भावाच्या पैजेत भांडवल वाढण्याचा जास्तीत जास्त वेग हा तारेवरून माहिती येण्याच्या वेगाएवढाच असतो. तारेवर नुसती खरखर असेल, माहिती शून्य असेल, तर वाढ शून्य, आणि लावायची योग्य रक्कमही शून्य. पैजेतला पैसा माहितीतून येतो. शिस्त ही ती माहिती वाया जाऊ न देण्याची रीत आहे.

सूत्र सोपे आहे. एक रुपया लावला असता सरासरीने किती नफा होतो तो काढा, आणि जिंकल्यावर मिळणाऱ्या निव्वळ नफ्याने त्याला भागा. येईल तेवढा भांडवलाचा हिस्सा लावावा.

वर्गात हे करून पाहता येते आणि एका तासात बसते. कापडी पिशवीत एकाच आकाराची ११ पांढरी आणि ९ काळी बटणे घाला. न पाहता एक काढायचे, नोंद करायची, परत पिशवीत टाकून हलवायचे. पांढरे आले तर जितके लावले तितकाच नफा, काळे आले तर लावलेले गेले. जिंकण्याची संभाव्यता ५५ टक्के. म्हणजे पैज फायद्याची आहे, आणि तसे मुलांना आधीच सांगून टाका. प्रत्येक गटाला कागदावरचे १,००० रुपये द्या. सूत्राप्रमाणे योग्य हिस्सा १० टक्के येतो, पण ते अजून सांगू नका. एका गटाने दरवेळी हातातल्या रकमेच्या ५ टक्के लावावे, दुसऱ्याने १०, तिसऱ्याने २०, चौथ्याने ४०. पैज फायद्याची आहे हे माहीत असल्यामुळे चौथ्या गटात जायला मुलांची भांडणे होतात, हा आमचा अनुभव.

शंभर वेळा बटणे काढली आणि नेमकी ५५ पांढरी, ४५ काळी आली असे धरा. ५ टक्केवाल्यांचे सुमारे १,४५५ रुपये होतात. १० टक्केवाल्यांचे १,६५०. २० टक्केवाल्यांचे ९८६, म्हणजे शंभर फायद्याच्या पैजा खेळून १४ रुपये तोटा. आणि ४० टक्केवाल्यांकडे उरतात ११ रुपये!

मुलांना हे खरे वाटत नाही. तेव्हा फळ्यावर एवढेच लिहावे: एक जीत आणि एक हार. १० टक्क्यांना १.१ × ०.९ = ०.९९. ४० टक्क्यांना १.४ × ०.६ = ०.८४. एक जीत आणि एक हार यांची बरोबरी होत नाही. हिस्सा जितका मोठा, तितकी मोठी खोट येते. पहिल्या पाच टक्क्यांनी केवढे काम केले तेही दाखवावे: योग्य हिस्स्याच्या निम्माच लावला तरी वाढीचा वेग सुमारे पाऊणपट राहतो, चढउतार मात्र निम्म्यावर येतात. म्हणून या व्यवसायातले जाणते लोक सूत्राच्या निम्मे किंवा त्याहून कमीच लावतात. शिवाय ५५ टक्के हा आकडा पिशवीत मोजता येतो, मैदानावर नाही. तो आपला अंदाज असतो, आणि माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज कुठल्या दिशेला चुकतो ते सांगायला नको. (जीत-हारीचा क्रम बदलला तर उत्तर बदलेल का, हे मुलांनाच विचारा. गुणाकाराचा क्रमनिरपेक्षतेचा नियम इतक्या कामाचा पुन्हा क्वचितच वाटेल.)

तर खासगी तार कोणाकडे होती? सर्वांत चांगले उदाहरण हाँगकाँगचे आहे. १९८० च्या दशकात बिल बेंटर हा अमेरिकन आणि ॲलन वूड्स हा ऑस्ट्रेलियन तिथे गेले. बेंटर त्याआधी लास व्हेगासच्या जुगारघरांत पत्ते मोजून ब्लॅकजॅक खेळत असे, वूड्स विम्याच्या हिशेबातला जाणकार. त्यांनी हाँगकाँगच निवडले यामागे शास्त्रीय कारण होते. तिथे शर्यतीची मैदाने दोनच, हॅपी व्हॅली आणि शा टिन. घोडे हजाराच्या आसपास. तेच घोडे, तेच जॉकी, तेच प्रशिक्षक पुन्हा पुन्हा एकमेकांशी पळतात. प्रयोगशाळेतल्या बंद पात्रासारखी ही परिस्थिती. नोंदी स्वच्छ मिळतात. शिवाय हाँगकाँगचे लोक शर्यतींवर प्रचंड पैसा लावतात.

तिथे बुकी नसतो, टोट असतो. आपल्या महालक्ष्मीलाही टोट आहेच. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोझेफ ओलेर यांनी ही पद्धत सुरू केली. सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र करायचे, त्यातून चालकांचा आणि सरकारचा वाटा काढायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. समजा, एक लाख रुपये जमले आणि वाटा २० टक्के आहे. उरले ८० हजार. एका घोड्यावर ४० हजार लागले असतील आणि तो जिंकला तर रुपयाला दोन रुपये मिळतील. लोकांच्या मते हा घोडा जिंकण्याची संभाव्यता ४० टक्के आहे; पण आपल्याला फायदा व्हायचा तर ती खरोखर ५० टक्क्यांहून जास्त हवी. एवढे मोठे अंतर कापायचे आहे. आणखी एक अडचण आहे. आपणच त्या घोड्यावर १० हजार लावले तर एकूण १ लाख १० हजार, वाटा जाऊन ८८ हजार, घोड्यावर ५० हजार, रुपयाला १.७६ च मिळतील. आपण जितके जास्त लावू तितका आपलाच भाव आपण पाडतो.

बेंटरने प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती, वजन, अंतर, जॉकी, किती दिवसांनी पळतो आहे, अशा अनेक गोष्टी संगणकात भरल्या. १९८६ साली रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन यांनी घोड्यांच्या शर्यतीसाठी एक संख्याशास्त्रीय पद्धत प्रसिद्ध केली होती, ती त्याला उपयोगी पडली. तरी सुरुवातीला त्यांचे बहुतेक भांडवल बुडाले.

पुढे गाडी रुळावर आली ती ज्या सुधारणेने, ती आम्हाला फार शिकवण्यासारखी वाटते. संगणक जेव्हा म्हणे, 'या घोड्याला लोकांनी फारच कमी लेखले आहे', तेव्हा बहुधा संगणकच चुकलेला असे. घोडा सकाळी लंगडत होता, तबेल्यात कोणाला काही माहीत होते, पावसाने मैदान जड झाले होते; असे काहीतरी लोकांना ठाऊक असे आणि संगणकाला नसे. ते सगळे लोकांच्या भावात उतरलेले असते. तेव्हा बेंटरने टोटवरचा भाव हीच एक माहिती म्हणून संगणकाला दिली आणि स्वतःचा अंदाज व गर्दीचा अंदाज यांचा मेळ घातला. गर्दीला मूर्ख समजणे सोडले, तेव्हा कुठे गर्दीपेक्षा थोडे जास्त कळू लागले. १९९४ साली त्याने हे सारे एका शोधनिबंधात मांडले. हिस्सा ठरवण्यासाठी केलींचे सूत्र त्यातही आहे, पण हात आखडून. पुढे तो अतिशय श्रीमंत झाला.

पण त्याने केले ते 'शिस्त पाळून पैज लावणे' एवढेच होते का? त्याच्याकडे नोंदी भरणारी माणसे होती, शर्यतींच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून टिपणे करणारी माणसे होती, आज्ञावली लिहिणारे होते. तो एक कारखाना होता. इंग्लंडमध्ये फुटबॉलचेही असेच झाले. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ साली गोलांच्या संख्येचे प्रारूप प्रसिद्ध केले आणि त्यातून बुकींच्या भावांतल्या फटी दाखवल्या. आज ब्रायटन आणि ब्रेंटफर्ड या मोठ्या क्लबांचे मालक टोनी ब्लूम आणि मॅथ्यू बेनम हे दोघेही पैजेच्या संख्याशास्त्रातूनच पुढे आलेले आहेत, आणि दोघांच्याही कंपन्यांत गणितज्ञ पगारावर काम करतात. ज्या भावावर आपला बारावीतला मुलगा पैज लावणार, तो भाव अशा लोकांच्या पैशाने आधीच घासून गुळगुळीत झालेला असतो. एखाद्याने त्यातूनही फट शोधलीच, तर परदेशातले अनेक बुकी अशा गिऱ्हाईकाची लावायची मर्यादा काही रुपयांवर आणून ठेवतात. हरणाऱ्याला मर्यादा नसते, असे आम्ही मुलाला म्हणालो. तो हसला, पण थोडेच.

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे. पोट भरायचे आहे, तर महिन्याला ३० हजार रुपये धरू. माणूस हुशार आहे असेही धरू: १.९० च्या भावाला तो शंभरात ५५ वेळा बरोबर येतो. ०.५५ × ०.९० मधून ०.४५ वजा केले की ०.०४५ उरतात, म्हणजे शंभराला साडेचार रुपये सरासरी नफा. या धंद्यात हे उत्तमच म्हणायचे. ३० हजार मिळायला महिन्याला सुमारे ६ लाख ६७ हजार रुपयांच्या पैजा लावायला हव्यात. महिन्यात ६० संधी मिळाल्या तर दर पैज ११ हजारांची. सूत्राने हिस्सा येतो ५ टक्के, सावधपणे निम्मा म्हणजे अडीच टक्के. तर भांडवल हवे सुमारे साडेचार लाख.

पगाराशी याची तुलना करू. ६० पैजांत ३१ किंवा त्याहून कमी जिंकल्या तर महिना तोट्यात. ५५ टक्केवाल्याच्या बाबतीत असे सुमारे ३५ टक्के वेळा घडते. म्हणजे दर तीन महिन्यांतला एक महिना तोट्याचा, आणि तोही किरकोळ नव्हे. महिन्याची बेरीज ३० हजारांच्या वर किंवा खाली ८० हजारांनी हलणे हे इथे नेहमीचेच. घरभाडे आणि किराणा तोट्याच्या महिन्यातही द्यावाच लागतो, तो भांडवलातून. भांडवल घटले की अडीच टक्क्यांची रक्कमही घटते आणि पुढची कमाईही. सलग तीन महिने तोट्याचे दर तीन-चार वर्षांतून एकदा यायचेच. त्या वेळी मुलीची फी भरायची असली तर शिस्त किती टिकेल?

हुशारी थोडी कमी, म्हणजे ५३.७ टक्के असेल, तर सरासरी नफा शंभराला दोनच रुपये उरतो. मग ३० हजारांसाठी महिन्याला १५ लाखांच्या पैजा आणि सुमारे साडेबावीस लाख भांडवल. एवढे पैसे ज्याच्यापाशी आहेत, त्याने ७ टक्क्यांनी कुठे ठेवले तरी महिन्याला १३ हजार झोपेत मिळतील.

आणि हा माणूस ५५ चा आहे की ५० चा, हे कळायचे कसे? निव्वळ नाणे उडवून अंदाज सांगणाऱ्या हजार माणसांपैकी सुमारे २८ जणांचे शंभरात ६० किंवा जास्त बरोबर येतात. फोनवरच्या चित्रफितींत आपल्याला हेच २८ दिसतात. उरलेले ९७२ कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. उलट, खऱ्या ५५ च्या माणसालाही १.९० च्या भावाने शंभर पैजांनंतर दहांतून तीनदा तोटा झालेला असतो. हजार पैजांनंतर तो शंभरात सातवर येतो. शंभर नोंदींवरून हुशार आणि नशीबवान वेगळे करता येत नाहीत. आमच्या मुलाचे ७० त ४१ घ्या: नाणे उडवून तेवढे किंवा जास्त येण्याची संभाव्यता नऊ टक्क्यांहून थोडी अधिक आहे. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाने ७० वेळा नाणे उडवले, तर चार-पाच मुलांना ४१ चा टप्पा गाठता येईल. आम्ही नंतर हे करून पाहिले. वर्गात भारी गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावे.

आपल्या देशातली गोष्ट तर आणखी वेगळी. महाराष्ट्रात क्रिकेटवर सट्टा लावणे हा गुन्हा आहे. इथला जुगारविरोधी कायदा १८८७ सालचा. घोड्यांच्या शर्यतीला त्यात अटींसह सूट आहे, आणि शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही केला. पण कायदा बाजूला ठेवून नुसता कराचा हिशेब पाहा. शर्यतीच्या पैजेत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. आपल्या ५५ च्या माणसाने १.९० च्या भावाने शंभर-शंभराच्या १०० पैजा लावल्या. ५५ जिंकून मिळवले ४,९५० रुपये, ४५ हरून घालवले ४,५००. हातात राहिले ४५०. कर ४,९५० वर, म्हणजे १,४८५ रुपये. जगातल्या निवडक हुशारांत बसणारा हा माणूस १,०३५ रुपये तोट्यात!

मुलाने हा शेवटचा हिशेब स्वतः दोनदा करून पाहिला. मग विचारले, "मला खरंच काही जास्त कळतं की नाही, एवढं तरी तपासता येईल ना? पैसे न लावता?"

ते येईल. वहीत एक रकाना वाढवायचा. 'कोण जिंकेल' एवढेच न लिहिता सामन्याआधी 'अमुक संघ ६० टक्के' असा आकडा लिहायचा, आणि शेजारी भावातून निघणारा आकडा. पुरेशा नोंदी झाल्या की जिथे जिथे ६० लिहिले तिथे खरोखर शंभरात साठ वेळा तो संघ जिंकला का, ते पाहायचे. आणि आपला आकडा भावाच्या आकड्यापेक्षा खऱ्या निकालांच्या जास्त जवळ होता का, तेही. हवामान खाते पावसाचा अंदाज सांगते, त्याची परीक्षा अशीच घेतात.

"पुरेशा म्हणजे किती?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, निदान हजार. हंगामाला ७० सामने, तर चौदा हंगाम. त्याने बोटांवर हिशेब केला, वही पिशवीत टाकली, आणि दारापर्यंत जाऊन परत वळला.

"सर, कबड्डी धरली तर?"